खराट्यावरचा सोलो

एका रविवारी सकाळी मी अंगण झाडायचं ठरवलं. म्हणजे ठरवलं माझ्या बायकोनं, चंदानं, मी फक्त होकार दिला. (आमच्या घरातले सगळे निर्णय असेच दोघांच्या विचारानं होतात.)

मी अड्याळच्या एका राईस मिलमध्ये कारकून. पण जीव अडकलाय तो जुन्या विलायती रॉक संगीतात. माझ्या जन्माआधी लांब केसांची माणसं जी गिटार बडवून गेली, तिच्यापुढे मला दुसरं काही सुचत नाही. या बाबतीत अख्ख्या अड्याळात माझ्या तोडीचा जाणकार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. (दुसरा कोणी ऐकतच नाही, ही गोष्ट वेगळी.)

हे ज्ञान एकट्यानं चाखणं बरं नव्हे म्हणून मी सासरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज एक मैफल टाकतो, खाली माझं रसग्रहण. सासूबाई त्यावर न चुकता जोडलेले हात पाठवतात. एकदा मी विचारलं, "गिटारच्या या सोलोत ड्रमवाला मुद्दाम मागे राहतो, कोणाच्या ध्यानात आलं का?" त्यावर मेहुण्याचं उत्तर आलं, "भाऊजी, तुमच्याकडे युरिया आला का?"

तर त्या रविवारी फोन खिडकीत ठेवला, गाणं लावलं आणि झाडायला लागलो. सोलो आला आणि माझा ताबा सुटला. खराटा आडवा झाला, दांडा डाव्या हातात, उजवा हात काड्यांवर. गुडघे वाकले, मान मागे गेली, डोळे मिटले. चंदानं मागून व्हिडिओ काढला आणि माहेरच्या ग्रुपवर टाकला. पाठमोरा मी, खांद्याच्या बाजूनं डोकावणारा दांडा, आणि आवाज तर अस्सल गिटारचा!

तासाभरात ग्रुप जागा झाला. "जवाई गिटार वाजवते? सांगतले नाई कधी!" "भल्लाच हात चालते!" आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोस्टवर कोणी बोललं होतं. खुलासा करायला बोट उचललं, पण तोवर वाहवा इतकी झाली होती की बोट परत खिशात घातलं.

चार दिवसांनी आंबागडहून सासऱ्यांचा फोन. "जवाईबापू, मंडईले येऊन राहिले ना? नाटकाच्या आधी स्टेजवर तुमच्या गिटारीचा कार्यक्रम ठेवला हाये. बोर्ड रंगवला."

"मामाजी, पण ते..."

"कायले लाजता? आमच्या गावात असा जवाई कोणाचा हाये?"

फोन ठेवून तडक स्वयंपाकघरात गेलो. चंदाला म्हटलं, "खरं सांगून टाक."

"तुमीच सांगा. वाहवा घ्याले मी गेली होती काय?" तिनं शांतपणे विचारलं.

दिवाळीनंतरची मंडई म्हणजे आमच्याकडची जत्राच: गावोगावचे पाहुणे, मिठाईची दुकानं आणि आमच्या झाडीपट्टीचं रात्रभर चालणारं नाटक. आंबागडला पोचताच मामाजींना बाजूला घेऊन सगळं सांगायचं, असं ठरवून चंदासोबत निघालो. पण वेशीवरच बोर्ड दिसला: 'सुप्रसिद्ध गिटारवादक वीरेंद्र, धनीराम पाटलांचे जवाई'. बोर्डाखाली मामाजी नवं धोतर नेसून उभे, दिसेल त्याला बोर्ड दाखवत होते. मामाजींचा चेहरा असा फुलला होता की माझी जीभ उचलेना. आता मी तोंड उघडलं तर माझी नाही, त्यांची मान खाली जाणार होती.

दिवेलागणीला मला स्टेजवर चढवलं. मंडई कमिटीचे तुलारामभाऊ माईक देत म्हणाले, "गिटार कुठी हाये?"

"फोनमध्ये," मी म्हणालो.

त्यांनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नाटक कंपनीच्या साऊंडवाल्याला वायर जोडायला सांगितली. मी माझी सर्वांत लाडकी मैफल लावली. दोन गिटारवाले, एकमेकांशी चढाओढीनं वाजवणारे. सुरुवात मात्र फार संथ.

"चालू कवा होते?" समोरून आवाज आला.

"साऊंड चेक करून राहिला बे!" दुसरा म्हणाला.

पोरं उठून आकाशपाळण्याकडे निघाली. मामाजी पहिल्या रांगेत ताठ बसलेले. आणि तेवढ्यात, कुठून कोण जाणे, माझ्या तोंडून माझ्या गावच्या, दिघोरीच्या शंकरपटाची कॉमेंट्री निघाली. लहानपणी बैलांच्या शर्यतीत ऐकून ऐकून पाठ झालेली.

"हा आला, आला, आला! डाव्या अंगाचा गिटारवाला सुटला! उजवा मांगं हाये, पर दम धरून हाये! पाहा बापा पाहा, ड्रमवाला कसा हाकलून राहिला! आता उजवा चेपते, चेपते, बरोबरी झाली!"

उठलेली पोरं खाली बसली. बसलेली माणसं उठली. शेवटच्या चढाला शिट्ट्या, टाळ्या, टोप्या उडाल्या. "उजवा जितला! उजवा!" सगळी मंडई ओरडत होती. "अजून एक दान सोडा!" अशी, पटात पुढची बैलजोडी सोडायला सांगतात तशी, फर्माईश झाली. त्या संध्याकाळी मी आंबागडच्या माणसांना तीन सोलो ऐकवले, आणि ड्रमवाला कुठे मुद्दाम मागे राहतो हेही एका म्हाताऱ्यानं स्वतःहून ओळखलं. अभिमानानं माझा ऊर भरून आला. खोटं कशाला सांगू, डोळेही भरले.

नारळ आणि दुपट्टा घेऊन खाली उतरलो आणि मामाजींचे पाय धरले. "मामाजी, एक सांगायचं राहिलं. मला गिटार येत नाही. व्हिडिओत तो..."

"खराटा होता," मामाजी म्हणाले. "मले का ओळखू नाई येत? तुरीच्या काड्या, दांड्याले लाल दोरी. म्याच त बांधून देल्लो होतो."

मी गारच पडलो. "मग बोर्ड काहून लावला?"

मामाजींनी चंदाकडे पाहिलं. चंदानं मिठाईच्या दुकानाकडे पाहिलं.

"पोरगी मने, बाबा, हा माणूस दिवसभर त्या गिटारीवर बोलते, माहे कान किटले. मी मनलो, एक डाव पुऱ्या गावाले आयकवू देऊ. पोट भरून बोलन, मंग घरी तरी चूप बसन." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पर मस्त बोलले तुमी. मले गर्व वाटला."

तेवढ्यावर मी पुन्हा फुगलो. दुसऱ्या दिवशी निघताना मामाजींनी गाडीत दोन नवे कोरे खराटे ठेवले.

"दोन कशाला, मामाजी?"

"एक वाजवाले," ते म्हणाले, "अन् एक झाडाले. पोरगी मनत होती, त्या दिवशी अंगण तसंच राहिलं."