बुटांचे नळे

युद्ध शौर्याने जिंकलं जातं हे खरं. पण शौर्याला पाय असतात आणि उंचावर ते गारठतात. म्हणून ब्रिटिश विमानदळाने लोकरीच्या अस्तराचे नवे बूट काढले. शत्रूच्या मुलखात उडी मारावी लागली, तर बुटाचा गुडघ्याकडचा नळा सोबतच्या चाकूने कापायचा. खाली साधे काळे जोडे उरतात आणि माणूस गावकरी दिसतो. (चेहऱ्यासाठी अशी सोय नव्हती.)

लिंकनशरच्या तळावरचा सिरिल ऑर्मरॉड बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीत बंदूक घेऊन बसे. बेल्जियमवर विमान पेटलं तेव्हा त्याने उडी मारली आणि सूचनेबरहुकूम नळे कापले. ज्या शेतकरणीने त्याला बटाट्यांच्या तळघरात लपवलं, तिने त्या कापलेल्या नळ्यांच्या लोकरीतून आपल्या तान्ह्या लेकीला सपाता शिवल्या. लपतछपत, डोंगर ओलांडत तो हिवाळ्याच्या तोंडावर परतला. सुटून आलेल्याला पुन्हा शत्रूवर धाडत नसत, म्हणून त्याला उत्तर समुद्रावर हवामान बघणाऱ्या विमानात बसवलं. तिथे शत्रू कमी, थंडी तेवढीच.

तो कोठाराच्या खिडकीशी नवे बूट मागायला गेला. कोठारप्रमुख ट्रँटर अत्यंत नेक माणूस. त्याने जोडे उलटेपालटे करून पाहिले, शिलाईची तारीफ केली, चहाही पाजला. नियम मात्र सरळ होता: जुना जोड पूर्ण जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही.

"नळे कुठायत?"

"कापले, साहेब. कापायचेच असतात ते."

"कापायचे असतात. देऊन टाकायचे असतात असं कुणी सांगितलं?"

ऑर्मरॉडने सपातांची हकिगत सांगितली. ट्रँटरचे डोळे पाणावले; त्याने बाळाचं नावही विचारलं. मग समजावलं, की पकडल्या गेलेल्यांची अशी पंचाईत होत नाही. त्यांचे बूट शाबूत राहतात.

ऑर्मरॉड त्या जोड्यांतच उडू लागला. नाताळच्या सुमारास डाव्या पायाची तीन बोटं काळी पडली आणि काढावी लागली. ट्रँटर स्वतः इस्पितळात आला, घरचा केक घेऊन. वरच्यांनी मार्ग काढला होता: उडायला नालायक ठरलेल्याला बूट लागत नाहीत, सबब नळे माफ.

ऑर्मरॉड छताकडे बघत म्हणाला, "त्या पोरीचे पाय तरी उबेत असतील."

"हे मी ऐकलं नाही हं," ट्रँटर हळूच म्हणाला. "सरकारी लोकर आहे ती."

वाचकांना ट्रँटरचा राग आला असेल. खिडकीच्या बाहेर उभं असताना तो येतोच. आत बसायला मिळालं की जातो.