चारशे घोडे आणि एक गुडघा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मोहन राणेच्या घरी गेलं की पाण्याच्या आधी वजनकाटा पुढे येतो. त्यावर उभं राहायचं नसतं. खुर्चीत बसून, भिंतीला टेकवलेला काटा डाव्या पायाने ढकलायचा असतो. "दाब रे, दाब! लाजतोस काय मेल्या?" म्हणत राणे जमिनीवर पालथा पडून आकडा वाचतो. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनाही त्याने सोडलं नाही. "तीर्थप्रसाद नंतर, गुरुजी. आधी डावा पाय."

राणे मूळचा कणकवलीकडचा. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात, हा साकीनाक्याच्या गॅरेजांत जातो. त्याची चार दारांची गाडी बाहेरून अगदी गरीब दिसते. आत मात्र त्याने मोठा टर्बो बसवून चारशे घोड्यांचा जोर कोंबला आहे. "घोडे कमी करायचे तर बैलगाडी घे ना यार!" हे त्याचं ब्रीद. आणि एवढं करून या गृहस्थाला गाडी चालवता येत नाही! शिकायला गेला तेव्हा इंजिनचा आवाज ऐकण्याच्या नादात तो समोर बघायलाच विसरायचा.

गाडी चालवायच्या त्या नीलावहिनी. शाळेत गणित शिकवलेल्या, हळू बोलणाऱ्या वहिनी स्टिअरिंग हातात आलं की कुणी वेगळ्याच होत. एकदा मागच्या सीटवर मी रामरक्षा सुरू केली, तर ती निम्मी व्हायच्या आत घोडबंदर मागे पडलं होतं.

मग वहिनींचा डावा गुडघा बदलावा लागला. दसऱ्याला गाडीची पूजा झाली, चाकाखाली लिंबू ठेवलं, वहिनी हौसेने बसल्या. पण एवढा जोर पेलायचा तर क्लचची स्प्रिंगही दांडगी लागते. पेडल नुसता दगड. वहिनींचा पाय अर्ध्यावर थरथरला, सटकला, आणि गाडीने लिंबाबरोबर सेक्रेटरींच्या हार घातलेल्या स्कूटरलाही मोक्ष दिला. सगळे हसले, वहिनीही हसल्या. घरी जाऊन त्यांनी चावी खिळ्याला अडकवली आणि म्हणाल्या, "झालं माझं ड्रायव्हिंग." त्यानंतर त्या गाडीकडे बघेनाशा झाल्या.

राणेने विडा उचलला. घोडे सगळे ठेवायचे आणि वहिनींना झेपेल असा क्लच शोधायचा. साकीनाक्याला क्लच बांधून देणाऱ्या अस्लमभाईच्या गाळ्यात त्याचा मुक्काम सुरू झाला. हापूस निवडावा तशी एकेक क्लच प्लेट तो नाकाशी धरी. "ही धातूची. घट्ट धरते, पण असा धक्का देते की हिची मान जाईल. ही मऊ. गाडी लोण्यासारखी सुटेल, पण घोड्यांपुढे जळून जाईल बिचारी." मी थक्क होऊन बघत राही. आयुष्यात आपण कुठलीच गोष्ट एवढा जीव लावून निवडली नाही, असं वाटून जरा लाजही वाटे.

एकदा मी म्हटलं, "राण्या, अख्ख्या मुलुंडच्या पायांचा जोर मोजलास. वहिनींचाच मोज ना, प्रश्न मिटला!"

तो काटा पुसत होता. "तिने दाबला तर आकडा तिला दिसेल ना रे," तो म्हणाला. "तुझ्यापेक्षा, माझ्यापेक्षा कमी आला तर?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याला हवे होते फक्त सोसायटीतल्या गुडघा बदललेल्या, वहिनींच्या वयाच्या बायकांचे आकडे. गुरुजी, मी आणि बाकीची वरात, आम्ही सगळे वहिनींना संशय येऊ नये म्हणून.

शेवटी दोन प्लेटांचा क्लच बसला. दोन प्लेटा भार वाटून घेतात, त्यामुळे स्प्रिंग जरा हलकी चालते. राणेने पेडल हाताने दाबून पाहिलं आणि मान हलवली. अजून जडच.

"काका, याहून हलकी स्प्रिंग चारशे घोडे धरणार नाय. प्लेट घसरणार," अस्लमभाई म्हणाला. "हां, घोडे कमी केले तर बात वेगळी."

मला राणेच्या तोंडाकडे बघवेना. तो उघड्या बॉनेटमध्ये बघत राहिला.

"किती?"

"शंभर तरी."

"सोड ते शंभर," राणे म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "हिच्याजवळ बोललास तर बघ!" मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

रविवारी सकाळी त्याने वहिनींना खाली बोलावलं. पाण्याचा टँकर येतोय, गाडी थोडी पुढे घ्यायचीय, दुसरं कोण हात लावणार तिला? वहिनी कुरकुरत बसल्या. राणे शेजारी, मी मागे. त्यांनी पेडल दाबलं, थबकल्या, पुन्हा दाबलं. गाडी अलगद सरकली. टँकरची जागा मागे पडली, गेटही मागे पडलं, आणि हायवेला लागताच वहिनींनी गाडी अशी पिटाळली की माझी रामरक्षा आपोआप सुरू झाली.

"अहो, आधीपेक्षा जोरात पळतेय की ही! काय केलंत काय?"

राणे खिडकीबाहेर बघत होता.

"घोडे वाढवलेत गो," तो म्हणाला.