उडत्या राखेची राखण

माणसाला जगायला हवा लागते, हे तत्त्व आता सर्वत्र मान्य झालेलं आहे. हवेबरोबर नाकात आणखी काय काय गेलं तर चालेल, याबद्दल मात्र उद्योगधंद्यात अजून एकमत नाही. रत्नागिरीच्या खाडीकाठी कौलांचा एक कारखाना होता. तिथे १९३१ सालापर्यंत असं धोरण होतं की जे उडतं ते कुठेतरी आपोआप बसतंच, तेव्हा त्याची काळजी व्यवस्थापनाने करू नये.

ते बसत असे महिपतच्या छातीत. महिपत पालीकडचा, वय तीस, कारखान्यात राख काढायच्या कामावर. कोळशाच्या राखेचे शास्त्रोक्त प्रकार दोन. एक बसती राख, ती भट्टीच्या जाळीखाली मुकाट पडते. दुसरी उडती राख, ती धुराबरोबर वर जायला निघते आणि धुराड्याच्या बोगद्यात अडकते. ही पिठाहून बारीक असते. (पिठाची भाकरी होते, हा एक किरकोळ फरक.) दर शनिवारी बोगद्यात शिरून ती फावड्याने ओढून काढायची. हे काम हलकं समजलं जाई, कारण राख वजनाला हलकी असते.

एरवी महिपतचं काही म्हणणं नव्हतं. पण तो गावच्या जाखडीचा गाणारा होता. गौरी-गणपतीत पोरं रिंगण धरून नाचत आणि मधे बसून महिपत गाई. एका दमात तो चार ओळी ओढून नेई. त्याचा दम हीच त्याची इस्टेट होती, आणि ती दर शनिवारी थोडी थोडी झडत होती. हे सगळ्यांत आधी त्याच्या बायकोला, सगुणाला कळलं. तिने जुन्या लुगड्याचा एक फडका फाडून दिला. महिपत तो माती भिजवायच्या हौदात चोरून बुडवी आणि नाकातोंडावर बांधी. चोरून अशासाठी, की हौदातलं पाणी मातीसाठी मंजूर झालेलं होतं. पाण्यावाचून माती तडकते, माणूस नुसता खोकतो.

त्या दिवाळीच्या सुमारास मुंबईहून कारखाने तपासणारे एक साहेब येऊन गेले. बोगद्यापाशी उभे राहून त्यांनी तीनदा शिंकून पाहिलं आणि परत जाऊन इंग्रजीत हुकूम धाडला. राख काढण्याआधी तिच्यावर पाणी मारावं, माणसांनी नाकातोंडाला ओला फडका बांधावा, आणि एका माणसाला तासाभरापेक्षा जास्त वेळ आत ठेवू नये, अशी तीन कलमं त्यात होती.

हुकमाचं मराठी करून तो दारावर लावायचं काम हेडक्लार्क आत्मारामपंतांकडे आलं. पंत सातारचे, आणि भाषेचे शौकीन. तीन कलमं मराठीत आणताना अंगाने फार वाढू लागली आणि दारावरची फळी तर दोनच हात लांब होती. तेव्हा पंतांनी त्यांचा अर्क काढला आणि सुबक अक्षरात लिहिलं: ‘उडत्या राखेपासून कामगारांची राखण करावी.’ राखेपासून राखण! पंतांनी ते वाक्य सगळ्यांना दोनदा वाचून दाखवलं.

पंतांना एक ठाऊक नव्हतं. साताऱ्याकडे राखण म्हणजे पीक सांभाळणं. कोकणात प्रत्येक जागेला एक अदृश्य मालक असतो, जागेवाला, आणि वर्षातून एकदा त्याला कोंबडा आणि नारळ द्यावा लागतो. त्या देण्याला म्हणतात राखण.

लवू मुकादम फळीपुढे हात जोडून उभा राहिला. “शेवटी सायबाला कळलां,” तो म्हणाला. “कारखाना घातला तवापासून जागेवाल्याला कोंबड्याचां पीससुदीक दिलेलां नाय. मग छाती धरील नायतर काय करील?”

पंतांना हा अर्थ कळायला एक दिवस गेला आणि आवडायला अर्धा तास. पाणी वाहायचं तर राही आणि गोदा या पाणक्या बायकांना आणखी चाळीस घागरी पडल्या असत्या. तासातासाला माणूस बदलायचा तर माणसं आणायची कुठून, ती सगळी मुंबईला. उलट कोंबडा स्वतःच्या पायांनी येतो, एकदाच लागतो आणि वर्षभर पुरतो.

मार्गशीर्षात राखण दिली. बोगद्याच्या तोंडाशी लवूने गाऱ्हाणं घातलं, त्याचा मसुदा पंतांनी आधी तपासला होता.

“बा जागेवाल्या, ही जी उडती राख हाय, ती आमच्या पोरांच्या नाकातोंडात न जाता खाडीपार पूर्णगडाच्या अंगाला जाऊं दे!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले.

“आनी तितल्या लोकांची काय तक्रार आसंल, ती तितल्या जागेवाल्यानं बगावी!”

“व्हय म्हाराजा!”

राखणीच्या आधी बोगद्यापाशी तासाला सरासरी एकतीस खोकले मोजले गेले होते. गाऱ्हाण्याच्या वेळी एकही मोजला गेला नाही. (सगळी तोंडं ‘व्हय म्हाराजा’त गुंतलेली होती, आणि मोजणाराचंही.) मुंबईला अहवाल गेला. ‘संरक्षक साधन: नग एक. रंग: तांबडा. साधनाची सद्यःस्थिती: वापरून झालेलं.’ मुंबईहून समाधानाचं पत्र आलं.

पुढच्या शनिवारी महिपत नेहमीप्रमाणे फडका बांधून बोगद्यात निघाला. लवूने त्याला दारातच अडवलं.

“ह्यां काय रं? परवाच राखण दिली ना?”

“व्हय. पन फडका बरा पडतो.”

“मंजे जागेवाल्यावर भरवसा नाय तुजा! त्यानं रागावून सगल्यांची छाती धरली, तर त्यांच्या पोराबालांना तू काय सांगनार?”

मागे उभे असलेले सात-आठ जण महिपतकडे बघू लागले. ते काही वाईट नव्हते, त्यांनाही पोरंबाळं होती. महिपत देवाला मानणारा माणूस. त्याने फडका सोडला, पिळला आणि कमरेला खोचला. अशा रीतीने राखेपासून बचावाची नवी योजना पूर्ण अमलात आली, आणि कारखान्यात जो एकमेव बचाव होता तो बंद झाला.

नऊ महिने योजना बिनतक्रार चालली. भाद्रपदात महिपत गावी गेला. रात्री अंगणात पोरांनी रिंगण धरलं, ढोलकी सुरू झाली. महिपतने पहिली ओळ उचलली ती थेट आढ्याला भिडली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर दम तुटला, आणि मग खोकला जो लागला तो ढोलकीच्या वरचढ झाला. पोरं एक पाय उचलून थांबली. शेवटी शेजारच्या शिवाने ती ओळ पुरी केली आणि पुढची सगळी गाणीही त्यानेच म्हटली. त्याचा आवाज बेताचा, पण दम शाबूत होता. महिपत रिंगणाबाहेर ओट्यावर जाऊन बसला. त्याला रडू आलं, आणि रडायलाही दम लागतो हे त्याला त्या दिवशी कळलं.

“अवो, बांधा तो फडका,” सगुणा म्हणाली. “जागेवाल्याला मी काय तां सांगेन.”

“राखण बाटंल गं सगल्यांची,” महिपत कसाबसा म्हणाला.

महिपतच्या खोकल्याची कारखान्याने रीतसर चौकशी केली. महिपतने राखणीनंतरही एकदा फडका बांधून दारापर्यंत मजल मारली होती, असं लवूच्या जबानीतून निष्पन्न झालं. सबब दोष साधनाचा नसून श्रद्धेचा ठरला. पुढल्या वर्षी खबरदारी म्हणून कोंबडे दोन द्यावेत असा ठराव झाला, आणि पंतांनी फळीवरचं अक्षर पुन्हा उजळलं.

ही हकीकत रत्नागिरीत पुष्कळांनी ऐकली आहे. ऐकून झाल्यावर प्रत्येक जण न चुकता एकच विचारतो, आणि आपल्याही मनात ते केव्हाचं असणार: पण त्या कोंबड्याचं काय केलं? तर त्याचा तिखट रस्सा केला होता, बरोबर वडे होते आणि पंतांना दोन वाट्या गेल्या. महिपतचं पुढे काय झालं, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.