हौदात पडलेले तीन दात

संशोधनाच्या अणुभट्टीवरचे मेकॅनिकल इंजिनियर दिवसातून चारदा तरी ऐकवत, “माझ्या हौदात अकरा वर्षांत साधा वॉशरसुद्धा पडलेला नाही!” हौद म्हणजे सात मीटर खोल पाणी आणि तळाशी इंधनाच्या कांड्या. त्यांच्या फटीत एखादी वस्तू जाऊन बसली, तर पाण्याची वाट अडते, कांडी तापते आणि मग पुढचं बोलायलाच नको! म्हणून काठावर नेलेला प्रत्येक पाना, पेन, चष्मा वहीत नोंदवायचा आणि दोरीने बांधायचा. लोक त्यांना पाठीमागे ‘दोरीसाहेब’ म्हणत.

त्या दुपारी दुरुस्ती संपत आली होती. सकाळी भट्टी सुरू व्हायची होती. क्रेनवाल्याने आकडा जरासा झुलवला मात्र, साहेब कठड्यावरून वाकून ओरडले, “अरे, हळू!”

डुबुक!

“साहेब, काय पडलं?”

साहेबांनी तोंड गच्च मिटून ‘काही नाही’ अशी मान हलवली. पुढचे तीन खोटे दात गेले होते, एका पट्टीत बसवलेले! ते खोटे आहेत हे बायको आणि दातांचा डॉक्टर सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं.

वस्तू मोजल्या. एकोणीस आत, एकोणीस बाहेर. तोंडातले दात वहीत कोण लिहितो? क्रेनवाल्याने वही पुढे केली. “जुळलं, साहेब. सही करा.”

सही केली की सुटले! फटीत ऐटीत बसलेले आपले दात साहेबांना डोळ्यांसमोर दिसू लागले. पेन कागदाला टेकलं आणि बाजूला झालं.

“माझे दात पडलेत,” म्हणत त्यांनी ओठ फाकवून खिंडार दाखवलं. हसायची कुणाची हिंमत झाली नाही.

कॅमेरावाल्या बाईंनी पाण्यात कॅमेरा सोडला. अर्धा तास सगळे पडद्याला डोळे लावून उभे होते.

“सापडले! फटीपासून चार बोटांवर!” मग बाई अडखळल्या. “साहेब... शेजारी एक अंगठी आहे.”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. क्रेनवाला तेवढा भिंतीकडे बघत होता.

“चार वर्षं झाली, साहेब,” तो पुटपुटला. “तुमच्या धाकाने बोललो नाही. बायकोला सांगितलं, बसमध्ये चोरीला गेली.”

साहेबांनी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आपण सहीच्या किती जवळ गेलो होतो, हे त्यांचं त्यांनाच माहीत होतं.

“परत मिळेल का हो?” क्रेनवाल्याने विचारलं.

“इथे पडलेलं सगळं किरणोत्सर्गी धरून कायमचं शिशाच्या डब्यात जातं. तुझी अंगठी आणि माझे दात, दोन्ही!” साहेबांनी कपाळाला हात लावला. “तुझी निदान बसमध्ये चोरीला तरी गेली. मी घरी काय सांगू?”