सुटा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर घ्यायचा झाला तर आधी नागोजीला विचारावं, असं हिंडलगा गावात कुणी म्हणत नाही. नागोजी स्वतःच म्हणतो! बेळगावातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात तो बारा वर्षं क्लार्क आहे, म्हणजे बारा वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून आहे. आणि बसल्या जागी माणसाला विद्या चढते, अशी त्याची पक्की समजूत!

तेव्हा त्याच्या बायकोनं, प्रियदर्शनीनं, स्वतःच्या भिशीतून कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं, तसं नागोजीच्या कानात वारं शिरलं. आठ दिवस तो व्हिडिओ बघत होता. जेवताना बघितले, आंघोळीचं पाणी तापेपर्यंत बघितले आणि दुकानात शिरताना बायकोला बजावलं, "तू बोलू नको. दुकानदाराला कळाय पायजे, कुणासंगट गाठ हाय ती!"

दुकानदार श्रीनाथ भला माणूस होता. त्यानं सरळ सांगितलं, "सर, ऑल-इन-वन घ्या. स्क्रीनच्या पोटातच सगळं. कॅमेरा आत, स्पीकर आत. एक वायर लावली की काम सुरू."

"आणि स्क्रीन बिघडला तर?" नागोजीनं डोळे बारीक केले.

"तर मग... अख्खंच दुरुस्तीला द्यावं लागेल."

"बघ!" नागोजी बायकोकडं वळला. "म्हंजे दाढ दुखली म्हणून आख्खं डोस्कं डॉक्टरकडं ठेवून यायचं! न्हाय जमायचं. स्क्रीन सुटा द्या, डबा सुटा द्या, कॅमेरा सुटा द्या. ज्याचं दुखंल त्याला तेवढं न्यायचं!"

"अहो, पण सुटं नको," प्रियदर्शनी हळूच म्हणाली.

"का नको?"

"आपल्या घरातलं जे जे सुटतंय ते गल्लीत फिरतंय. मिक्सर आपला, पण चटणीचं भांडं जयाबाईंकडं. कुकर आपल्याकडं, शिट्टी कुठं हाय ते देवाला ठाऊक. एकसंध असलं तर निदान कोण मागणार न्हाय."

श्रीनाथला हसू आवरेना. नागोजीला मात्र ते बोलणं लागलं, कारण ते खरं होतं. 'अण्णा' अशी हाक कानावर पडली की नागोजीच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघत नाही. त्यानं सुटंच घेतलं. तेही रागारागानं घेतलं!

आता हा कॉम्प्युटर कशासाठी, ते सांगायला हवं. प्रियदर्शनी लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शिकवायची. मग लग्न, मग घर, मग सासऱ्यांचं आजारपण यांत शिकवणं राहून गेलं ते राहूनच गेलं. परदेशातल्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवणाऱ्या पुण्यातल्या एका संस्थेकडं तिनं अर्ज केला होता. रविवारी अकरा वाजता परीक्षेचा तास होता. अर्धा तास, एक मूल, आणि अट एकच! मुलाच्या तोंडून एक तरी अख्खं मराठी वाक्य निघालं पाहिजे. मूल होतं सिंगापूरचं, नाव अनय, वय सात. आधीच्या चार बाईंना त्यानं 'हं' आणि 'नो' यांच्या पुढं पाऊल टाकू दिलं नव्हतं.

प्रियदर्शनीनं पाठ तयार केला, भाज्यांचा. चित्रं नकोत, खऱ्या भाज्या दाखवायच्या! मग बहिणीच्या बाळाच्या बारशाला ती शुक्रवारी निपाणीला गेली. जाताना उंबऱ्यातून तीनदा मागं वळून म्हणाली, "टेबलाला हात लावू देऊ नका कुणाला!"

"माझ्यावर इश्वास न्हाय व्हय?" नागोजी म्हणाला.

शनिवारी सकाळी पहिले आले मारुतीराव. हे रिटायर पोस्टमास्तर. गल्लीतल्या तुंबलेल्या गटारीविषयी पंचायतीला अर्ज लिहिणं हा त्यांचा सध्याचा पूर्णवेळ उद्योग.

"नागोजी, मला कीबोर्ड दे."

"आप्पा, नुसता कीबोर्ड घेऊन काय करणार?"

"टायपिंग शिकायलोय. कॉम्प्युटर नको मला, आधी हात तर बसू दे! तासाभरात आणून देतो."

नुसता कीबोर्डच तर जातोय, असं म्हणून नागोजीनं दिला. मारुतीराव झोपाळ्यावर बसून, मांडीवर कीबोर्ड घेऊन, कशालाच न जोडलेल्या त्या वायरीचं टोक खिशात खोचून टकाटक टाइप करू लागले. एकही चूक होत नव्हती!

दुपारी आला रवळू. रवळू उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लोखंडी गेटं आणि ग्रिलं वेल्डिंग करतो. त्याचा चेहरा घरात काहीतरी वाईट घडल्यासारखा होता.

"अण्णा, माझ्या म्हशीचं दूध कोणतरी चोरायलंय."

"काय सांगतोस!"

"सकाळी बघावं तर कास निम्मी रिकामी! गोठ्यात कॅमेरा बसीवलाय, पण मोबाइलवर म्हस दिसती मुंगीएवढी. चोराचं त्वांड कसं कळंल? तुझा स्क्रीन दे, धा मिन्टं. माउस पण दे. आणि अण्णा, एक पाना आसंल तर..."

दोन मिनिटांत दोनदा अण्णा! नागोजीनं स्क्रीन दिला, माउस दिला, पाना दिला. स्क्रीनच्या डोक्यावर अडकवलेला सुटा कॅमेरा काढायचा त्याला कंटाळा आला, म्हणून तोही गेला. टेबलावर राहिला तो काळा डबा. जेवण संपवून पंगत उठल्यावर एकटाच मागं बसलेल्या पाहुण्यासारखा तो दिसत होता.

रविवारी सकाळी साडेनऊला नागोजी गोठ्यात गेला आणि दारातच थबकला.

रवळूनं अँगलची भक्कम चौकट करून, तीत स्क्रीन बसवून, ती चौकट गव्हाणीच्या वर लोखंडी खांबाला चार बोल्ट मारून आवळली होती. समोर पालथ्या बादलीवर रवळू बसला होता आणि स्क्रीनवर म्हैस बघत होता. खरी म्हैस त्याच्यापासून दोन हातांवर रवंथ करत उभी होती!

"चोर सापडला काय रं?" नागोजीनं विचारलं.

"सापडला की. हिचंच रेडकू! रातचं दावं सोडवून घेतंय, पितंय, आणि परत जागेवर जाऊन बसतंय. एक नंबरचं नाटकी!"

"मग आता काय बघायलास?"

"बघू दे की अण्णा. टीव्हीवर काय झकास दिसती आपली म्हस!"

"बरं बरं. स्क्रीन दे. अकराला तास हाय आमच्या घरात."

"ने की, तुझाच हाय," रवळू उदारपणे म्हणाला. "फकस्त बोल्ट खोलाय लागतील. म्हशीनं शिंग मारलं तर फुटंल म्हणून जरा टाइट मारल्यात."

"मग खोल!"

"पाना न्हाय. भावकूनं नेला, माझ्या मेव्हण्यानं. गाडीच्या डिकीत टाकून कणकुंबीला गेलाय, जेवणाला. सांजच्याला येतोय."

नागोजीनं बाह्या सरसावल्या. पक्कड लावून बघितली, पक्कड घसरली. दुसरी लावली, तिचा दांडा वाकला. रवळूच्या कारखान्याला रविवारची सुट्टी. वेल्डरनं आवळलेला बोल्ट तो, क्लार्कच्या मनगटाला कसला दाद देतोय! रवळूची आई जयाबाई कडबा टाकता टाकता म्हणाली, "बळ करू नको बाळा, खांब हलतोय. वर पत्रा हाय."

नागोजी घरी परतला तो प्रियदर्शनी नुकतीच एसटीतून उतरून आलेली. हातात भाज्यांनी भरलेली पिशवी. ती टेबलाकडं बघत उभी होती.

"स्क्रीन?"

"हाय."

"कुठं?"

"सुरक्षित हाय. वादळ आलं तरी हलणार न्हाय."

तिनं सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर नागोजीला बरं वाटलं असतं, पण ती खुर्चीवर बसली आणि पदर डोळ्यांना लावला. "इतक्या वर्सांनी कोणतरी मला बाई म्हणणार होतं," एवढंच म्हणाली. नागोजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण अख्ख्या गल्लीला 'हो' म्हणत आलो आणि घरातल्या माणसाची एक गोष्ट सांभाळता आली नाही, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि त्यानं मान खाली घातली.

घड्याळात साडेदहा झाले. प्रियदर्शनी उठली, डोळे पुसले आणि म्हणाली, "स्क्रीन येत न्हाय न्हवं? मग डबा उचला!"

वरात निघाली! पुढं खांद्यावर डबा घेतलेला नागोजी, मागं भाज्यांची पिशवी घेतलेली प्रियदर्शनी. वाटेत मारुतीरावांच्या मांडीवरून कीबोर्ड ओढून घ्यावा लागला. "अरे थांब, अर्जाचा शेवट आलाय!" म्हणत तेही मागून आले. गोठ्यात कडबाकुट्टीच्या यंत्राच्या प्लगला डबा जोडला, रवळूनं गोणपाटानं स्क्रीन पुसला, नागोजीनं मोबाइलचं इंटरनेट लावून दिलं. अकराला दोन मिनिटं कमी असताना पुण्याच्या ऋचा मॅडम स्क्रीनवर अवतरल्या. शेजारच्या चौकोनात अनय, हनुवटी छातीला टेकवून बसलेला.

"वा, मागचा गोठ्याचा फोटो छान लावलाय तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

"हो," प्रियदर्शनी म्हणाली. फोटोनं कान हलवला.

तास सुरू झाला. बाकीची मंडळी दाराबाहेर कान लावून उभी. प्रियदर्शनीनं कोथिंबीर दाखवली. अनय म्हणाला, "हं." शेपू दाखवला. "नो." गाजर, मुळा, दोडका, सगळे येऊन गेले. पंचवीस मिनिटं झाली! मॅडम मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहायला लागल्या, आणि ते काही चांगलं नसावं. नागोजीनं बाहेर खंडोबापासून ज्योतिबापर्यंत सगळ्या देवांना हाका मारल्या.

शेवटची होती मेथीची जुडी. अनयला नीट दिसावी म्हणून तिनं ती कॅमेऱ्यासमोर उंच धरली. आता कॅमेरा होता गव्हाणीच्या वर! म्हशीनं मान लांब केली, आणि सिंगापुरात आणि पुण्यात एकाच वेळी अख्खा स्क्रीन भरून एक काळंभोर, ओलं नाकाड दिसलं. जुडी गेली!

मग सिंगापूरहून खुर्ची पडल्याचा आवाज आला.

"आई! आई, बघ, म्हैस मेथी खाते!"

ऋचा मॅडमच्या हातातलं पेन थांबलं.

"अजून दे!" अनय नाचत होता. "तिला ते दुसरं पण दे! तिचं नाव काय आहे? ती माझ्याकडं बघते!"

प्रियदर्शनीनं शेपू दिला, कोथिंबीर दिली, डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून हसत हसत मुळाही दिला. दाराबाहेर मारुतीराव बोटांवर वाक्यं मोजत होते. सात झाली!

बुधवारी पत्र आलं. निवड झाली होती. आठवड्यातून चार दिवस तास, सहा मुलं. खाली एक ओळ जादा होती, 'म्हैस कृपया हीच ठेवावी.'

नागोजीनं मिशीवरून हात फिरवला. "बघितलंस? ऑल-इन-वन घेतलं असतंस तर हे झालं असतं काय? याला म्हंत्यात दूरदृष्टी!"

प्रियदर्शनीनं त्याच्या हातात पिशवी दिली. तासाच्या दिवशी मेथीच्या तीन जुड्या, ताज्या, हे काम तेव्हापासून त्याच्याकडं आहे.

गेल्या आठवड्यात नागोजीला बढतीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा होता. शेवटचा दिवस, संध्याकाळचे सहा वाजलेले. कॉम्प्युटर आता गोठ्यातच मुक्कामाला, म्हणून कागदपत्रं घेऊन तो तिकडं शिरला तर जयाबाईनं बसल्या जागेवरून हात आडवा केला.

"भाईर थांब! धार काढायची हाय. स्क्रीन लागला की म्हस मेथी मागती, पान्हा चोरती, दूधच सोडत न्हाय."

"मावशी, अवो कॉम्प्युटर माझा हाय!"

"व्हय रं बाळा. तुझाच हाय, कोण न्हाय म्हणतंय? नंबर लाव."

नागोजी बाहेर आला. दारातल्या दगडावर, मांडीवर कीबोर्ड घेऊन, मारुतीराव आधीच बसले होते.

"ये, बस," ते म्हणाले. "माझे तीन अर्ज झाले की तूच."