गुरुमूर्तीमामांचं धोतर आणि माझं ए.सी. सर्व्हिसिंग

ए.सी.मध्ये असतं काय हो? दोन जाळ्या, एक पंखा, एक पाईप! बस्स! त्यासाठी मेकॅनिकच्या दारात उभं राहायचं म्हणजे दाढीसाठी सर्जन बोलावण्यासारखं आहे.

हे मी बोललो. मोठ्याने. गुरुमूर्तीमामांच्या हॉलमध्ये, मामींच्या समोर. इथंच माझं तोंड कुणीतरी चिकटपट्टीने बंद करायला हवं होतं.

मी शार्दूल. मूळचा इचलकरंजीचा. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात गाड्यांचे पार्ट तपासतो, केसाएवढी चूक पकडतो! राहतो चेन्नईत, मैलापूरला, मामांच्या गच्चीवरच्या खोलीत. मामा-मामी म्हणजे माझे घरमालक, तंजावरकडचे मराठी. त्यांचं मराठी ऐकलं की वाटतं, जुनी बखरच उठून कॉफी विचारतेय.

तर, मे महिना. शनिवार. मामांच्या हॉलमधला ए.सी. आठ दिवस टपटप गळत होता आणि त्याला ओल्या मोज्यांचा वास येत होता. मेकॅनिक रोज "उद्या" म्हणायचा. आणि उद्या, रविवारी, मामांच्या वडिलांचं श्राद्ध! मामांचे थोरले भाऊ वेंकोबा पहाटेच्या गाडीने तंजावरहून येणार. वय एक्याऐंशी.

"भावजी म्हातारे," कनकामामी म्हणाल्या, "हॉल म्हणजे भट्टी. काय करणें?"

"मामी, मी आहे ना!"

मामांनी चष्म्यावरून बघितलं. "तुला येतें?"

"मामा, अकरा व्हिडिओ बघितलेत!"

"बघणें वेगळें पा, येणें वेगळें."

एवढं बोलून मामा सामान आणायला गेले, मामी देवळात. मी मेन स्विच बंद केला आणि स्टुलावर चढलो.

जाळ्या काढल्या. त्यांच्यावर धुळीची अशी जाड गोधडी, की पांघरून झोपावं! धुतल्या. एकदम सोपं! मग आतल्या पत्र्यांवर पंपाने पाणी मारायचं होतं. व्हिडिओतला माणूस ए.सी.खाली प्लास्टिकची मोठी पिशवी बांधतो, म्हणजे घाण पाणी भिंतीवर येत नाही. माझ्याकडे पिशवी नव्हती. पण मी इंजिनिअर! जुगाड करणार नाही तर मी कसला!

गच्चीवर गेलो. एका उंच बांबूवर एक जुनं कापड वाळत होतं. पिवळट, विरलेलं, कोपऱ्याला रफू. इतक्या उंच, की नीट हातही पुरेना. मी डोकं चालवलं. हात पुरत नाही तिथे कापड आहे, म्हणजे कुणीतरी विसरलेलं आहे! बाजूला एक लांब काठी टेकवून ठेवलेली होती. ती कशासाठी, हा प्रश्न मला पडलाच नाही. उडी मारली, ओढलं, आणलं.

ए.सी.खाली झोळी बांधली. पंप मारला. आई शप्पथ! काळंकुट्ट पाणी! मामींच्या फिल्टरमधला कॉफीचा अर्कसुद्धा एवढा दाट नसतो. झोळी फुगली, पण फाटली नाही. जुन्या मालाची गोष्टच वेगळी, म्हणून मी तिला शाबासकीसुद्धा दिली!

तेवढ्यात गच्चीवरून किंकाळी. मामी देवळातून परस्पर बाहेरच्या जिन्याने वर गेल्या होत्या.

"अय्यो! धोतर कोठें?"

मामाही नुकतेच परतले होते, ते सामान दारातच टाकून वर धावले. मी खालूनच ऐकतोय.

"वारा नाही, काही नाही! कसें जाईल?"

"पलीकडे उडालें असेल. अलमेलू! ए अलमेलू!"

अलमेलूमामी म्हणजे भिंतीपलीकडच्या. चाळीस वर्षांची मैत्री. यांचा कढीपत्ता त्या भिंतीवरून तिकडे, तिकडचं लोणचं इकडे. पण त्या दिवशी मामींचा आवाज करवतीसारखा लागला होता. तमिळमध्ये जे चाललं त्याचा अर्थ मला लागत होता.

"तुझ्या गच्चीवर पडलं असेल, नीट बघ!"

"बघितलं. नाही."

"मागच्या वेळी माझा टॉवेल तुझ्याकडेच सापडला होता!"

"म्हणजे मी चोरते?"

"असं कुठं म्हटलं? पण पिवळी वेष्टी, रफू केलेली, कुठं जाईल?"

वेष्टी म्हणजे धोतर. पिवळी. रफू केलेली. मी हळूच मान वर केली. झोळी माझ्याकडे बघत होती. टप. टप.

तेव्हाच वर जाऊन सांगायला पाहिजे होतं. खरं सांगतो, मी गेलो नाही. माझं डोकं म्हणालं, गुपचूप धुऊन परत टांगू! गाठ सोडायला गेलो, ती सुटली एकदम, आणि दोन बादल्या काळं पाणी माझ्या डोक्यावर. आणि वर अलमेलूमामींचा आवाज, आता एकदम हळू.

"कनका, माझे हे जाऊन सहा वर्षं झाली. माझ्या घरात वेष्टी नेसणारं कोण आहे गं, की मी ठेवून घेईन?"



मी धावत गच्चीवर गेलो. डोक्यापासून पायापर्यंत काळा, हातात निथळणारं धोतर.

"मामी, त्यांनी नाही! मी! मी घेतलं! ए.सी.ला बांधलं!"

मामी मटकन खालीच बसल्या. मामांनी धोतराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काठीनें काढलेंस, की हातानें?"

"हाताने."

"मग तर झालेंच."

मग कळलं. ते सोवळ्याचं होतं. ज्याला मामांच्या घरी मडी म्हणतात. मामांच्या आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, धोतर. वर्षातून एकदाच, आप्पांच्या श्राद्धाला मामा नेसतात. आदल्या दिवशी धुवायचं, उंचावर टाकायचं, काठीनेच काढायचं, कुणी शिवायचं नाही. माझी आजीसुद्धा हेच करायची! आणि मी इचलकरंजीचा! यंत्रमागाच्या आवाजात झोपलेला माणूस! कापड ओळखता आलं नाही!

"मामा, मी नवीन आणतो."

"नवीन मिळेल पा," मामा म्हणाले. "आप्पांचें नाही मिळणार." ओरडलेसुद्धा नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी अलमेलूमामी स्वतः भिंतीशी आल्या, अर्धं लिंबू आणि मीठ घेऊन. "डागाला चोळा," एवढंच बोलल्या. मामींनी मान खाली घालून घेतलं. दोघींची चूक शून्य. चूक माझी, आणि मान मामींची खाली!

रविवारी पहाटे मामांनी ते धोतर स्वतःच्या हाताने पुन्हा धुतलं. वाळवायला वेळ कुठला? ओलंच पिळून नेसले. "ओलें म्हणजे मडीच," म्हणाले. गुडघ्यावर हा एवढा काळा डाग, श्रीलंकेच्या आकाराचा.  मी दुसरीकडे बघूच शकत नव्हतो.

पण ए.सी.! अहो, ए.सी. फर्स्ट क्लास झाला होता! वास नाही, गळती नाही! मी रिमोट घेऊन कोपऱ्यात उभा. निदान वेंकोबाकाकांना तरी गार वाटेल, थोडं तरी पाप फिटेल. भटजी बसले, समोर होमाची तयारी. मी बटण दाबणार, तोच भटजी कडाडले.

"होम आहे! ए.सी. बंद, पंखा बंद! खिडक्या उघडा!"

वेंकोबाकाका खूश. "बरें झालें! मला ए.सी. सोसतच नाही. गेलीं वीस वर्षें!"

मी मामींकडे बघितलं. मामी छताकडे बघत होत्या.

मामा ओल्या धोतरात तीन तास बसले. संध्याकाळपासून शिंका. आज चौथा दिवस आहे. भिंतीवरून लोणचं अजून आलेलं नाही, आणि शिंका थेट गच्चीवर ऐकू येतात. प्रत्येक शिंकेला मी वरून "सॉरी मामा!" म्हणतो.

अख्ख्या चेन्नईत ए.सी. न लावता माणसाला सर्दी करून दाखवणारा मेकॅनिक मी एकटाच.