बुधवारी दिवे लागेपर्यंत

वझेकाकांशी भांडायचं असेल तर सोमवारी, मंगळवारी, नाहीतर बुधवारी दिवे लागायच्या आत भांडून घ्यावं लागायचं. बुधवारी अंधार पडला की थेट सोमवार सकाळपर्यंत काका कुणाशी भांडत नसत. एकदा गणपतीच्या मीटिंगमध्ये कुलकर्णीकाका त्यांना तोंडावर "तुम्ही हेकट आहात" म्हणाले. काकांनी घड्याळातला वार बघितला. गुरुवार होता. "हा मुद्दा मी सोमवारी घेईन," असं म्हणून त्यांनी बटाटेवडा उचलला. आणि सोमवारी सकाळी सातला कुलकर्ण्यांचा फोन खणखणला.

दोन हजार चार साली मी काकांकडे आठवड्यातून तीन दिवस पोळ्या-भाजी करायला जायचे. मी रत्नागिरीकडची, आठवीतून शाळा सुटलेली. आमचे मिस्टर इथल्या इंडियन ग्रोसरीत कामाला होते आणि आम्ही थोरल्या दिरांच्या बेसमेंटमध्ये राहायचो. अमेरिकेतल्या या पार्सिपनीत मला सगळ्याचीच भीती वाटायची. टपालाने आलेल्या पाकिटाची, छतावरच्या धुराच्या अलार्मची, "हाऊ आर यू" विचारून उत्तराला न थांबणाऱ्या माणसांची. काकांची भीती मात्र पहिल्याच दिवशी गेली, कारण त्यांनी मला ओट्यापाशी नेऊन सांगितलं, "सुमन, हा ओटा आता तुझं राज्य. इथे मी लुडबुड केली तर तो सीमाभंग. खुशाल लाटणं उगार."

काका हाडांचे डॉक्टर. रिटायर झालेले. अमेरिकेत यायच्या आधी ते काही वर्षं इंग्लंडात होते आणि तिथे त्यांना हे वेड लागलं. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचे इंग्रज कसे लढायचे, आणि त्याहून जास्त म्हणजे कसे भांडण मिटवायचे. लोक इंग्लंडहून कपबशा आणतात, यांनी हे आणलं. घरभर तीच पुस्तकं. फ्रीजवरसुद्धा.

"तेव्हाचे कवी बघ," मी कणीक मळत असले की ते सांगायचे, "लढाईवर दहा पानं आणि तहावर दोन ओळी. पण माणसं? माणसांचा निम्मा जन्म तहात जायचा." एका जुन्या काव्यात म्हणे सत्य, न्याय, दया आणि शांती अशा चार बहिणी देवापुढे कडाकडा भांडतात आणि शेवटी शांती न्यायाचा मुका घेते.

"आमच्याकडे बहिणी नाहीत भांडत," मी म्हटलं, "जावा भांडतात."

काकांनी ते वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं वहीत लिहून घेणारा हा पहिला माणूस.

बुधवारचा नियमही तिकडचाच. चर्चने घातलेला, अमुक दिवशी लढायचं नाही म्हणून. "मूळ फ्रान्सचा आहे," काका प्रामाणिकपणे सांगायचे, "पण चांगला नियम उसना घ्यायला लाज कसली?" टीव्हीवर तेव्हा रोज इराक असायचं. काका बातम्या बघायचे आणि आवाज बंद करून म्हणायचे, "यांना बुधवार नाही, गुरुवार नाही. रानटी माणसं!"

त्यांच्या वेडाने माझं छप्पर वाचलं, म्हणून मी त्याला हसत नाही. झालं असं, की एका दुपारी मला घराची फार आठवण आली आणि मी सुकट भाजली. अलार्म वाजला, वरातीला निघाल्यासारखी फायर ब्रिगेडची गाडी आली, पाठोपाठ शेजारी आले. संध्याकाळी जाऊबाई म्हणाल्या, "सुमन, हे बस झालं. महिन्याभरात दुसरीकडे बघा." दुसरीकडे म्हणजे कुठे? मला तर रस्ता ओलांडायची चोरी.

दुसऱ्या दिवशी काकांच्या कणकेत मीठ घालायची गरज राहिली नाही, इतकी मी रडले. काकांनी शांतपणे विचारलं, "युद्धाची रीतसर घोषणा झाली?"

"महिन्याची मुदत दिली आहे."

"मुदत दिली? अरे वा! म्हणजे तुझी जाऊ खानदानी आहे. तह होणार."

आणि ते आले की हो आमच्याकडे! सूट घालून, छत्रीच्या टोकाला पांढरा नॅपकिन बांधून. जाऊबाईंनी दार उघडलं तर म्हणाले, "मी दूत आहे. दूताला मारत नाहीत, चहा देतात." जाऊबाई हसल्या आणि तिथेच अर्धी लढाई संपली. तासाभरात कलमं ठरली. सुकट फक्त मागच्या अंगणात, ग्रिलवर, जाऊबाई ऑफिसला गेल्यावर. जाऊबाईंनी वास आला तरी नाक मुरडायचं नाही. आणि घर सोडायची मुदत कॅन्सल. काकांनी एकाच कागदावर वर आणि खाली तोच मजकूर लिहिला, दोघींच्या सह्या घेतल्या आणि मधून करवतीच्या दातांसारखं नागमोडी कापलं. एक भाग तिला, एक मला. उद्या कुणी खोटा कागद पुढे केला तर दाताला दात लावून बघायचा. तह पक्का करायला तिकडे एकमेकांचा मुका घेत, त्याला जाऊबाईंनी साफ नकार दिला, तेव्हा काकांनी खिशातून तिळगूळ काढला.

तो कागद मी जपून घरी ठेवला. पण त्याची ती वेडीवाकडी कड बघवेना. इतका मोलाचा कागद, आणि उंदराने कुरतडल्यासारखा! मी पट्टी घेतली, कात्री घेतली आणि कड छान सरळ केली. मग कौतुकाने काकांना दाखवायला नेला.

काका खुर्चीतच बसले. "सुमन," ते म्हणाले, "तू तहाचे दात पाडलेस गं."

वार सोमवार होता, भांडता आलं असतं. पण ते हसत सुटले. हसता हसता त्यांनी खिशातलं पाकीट काढलं आणि त्यातून घडी घातलेला अर्धा कागद. वरची कड दातेरी.

"हा मालतीबरोबरचा शेवटचा," ते म्हणाले.

मालतीकाकू दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. मी त्यांना फोटोतच पाहिलेलं. बुधवारचा नियम मुळात त्यांच्यासाठी आणलेला. काकांनी त्यांना आठ वेळा इंग्लंडला नेलं, दर वेळी कुठल्यातरी जुन्या लढाईची जागा बघायला. आणि जागा म्हणजे काय, तर गवत आणि मेंढ्या. काकू म्हणायच्या, "शेत बघायला एवढ्या लांब? शेत माझ्या माहेरीही आहे." माहेर चिपळूणजवळ. तिथे काका लग्नानंतर एकदाच गेले होते. शेवटी मोठं भांडण झालं, काकांनी शरणागती लिहिली, पुढच्या वर्षी तुझ्या माहेरी, महिनाभर, आणि अर्धा कागद काकूंकडे सहीला दिला. आठवड्यात काकूंना ॲटॅक आला.

"तिचा भाग सापडलाच नाही. ती असले कागद फेकून द्यायची. इतिहासाची कदर नव्हती तिला." काकांनी घडी पुन्हा पाकिटात ठेवली. "आणि दुसऱ्या बाजूने मानल्याशिवाय तो तह नव्हे. म्हणजे नियमाने आमचं युद्ध चालूच आहे. मेव्हणा दर वर्षी बोलावतो. पण शत्रूच्या मुलखात परवानगीशिवाय जायचं कसं?"

हे त्यांनी थट्टेतच सांगितलं. फक्त त्या दिवशी त्यांनी दोनच पोळ्या खाल्ल्या.

पुढे होळीचा आठवडा आला आणि त्यातला माझा पोळ्यांचा बुधवार. मी म्हटलं, काकांना पुरणपोळी करून घालावी. ते म्हणाले, "मालतीचं पुरणयंत्र वरच्या कपाटात असेल. मी त्याला कधी हात लावला नाही. ते तिचं राज्य."

खोका उतरवला. यंत्राच्या आत रबरबँड लावलेली कागदांची गुंडाळी होती. तीस-चाळीस तरी कागद. प्रत्येकाची एक कड दातेरी.

या खेपेला मी कडेला बोटसुद्धा लावलं नाही. गुंडाळी तशीच तबकात ठेवून काकांपुढे नेली, देवाला नैवेद्य नेतात तशी.

सगळ्यात वरच्या कागदावर काकूंची सही होती, आणि खाली मराठीत दोन ओळी. काकांनी मोठ्याने वाचलं. "मंजूर. पण एक शेत मी दाखवीन ते बघावं लागेल. विहिरीजवळचं."

त्यांनी पाकिटातून आपला भाग काढला आणि टेबलावर दाताला दात लावला. मोडलेलं हाड बसवावं तसा, हलक्या हाताने. बरोब्बर बसला. मग त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. रस्त्यावरचे दिवे अजून लागायचे होते.

"वेळ आहे," काका म्हणाले आणि फोटोकडे वळले. "फेकून देते म्हणायचीस ना? खोटारडी!"

त्याहून जास्त त्यांना भांडता आलं नाही. तेवढ्यात दिवे लागले. मी ओट्याशी जाऊन पुरण वाटायला घेतलं.

मग काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, सीमा न ओलांडता.

"सुमन, तू त्याच भागातली. विहिरीजवळच्या शेतात काय झालं असेल गं? लढाईबिढाई?"

"काही झालं नसेल काका," मी म्हटलं. "नुसतं शेत असेल."

"नुसतं शेत," काका म्हणाले. "तसलं मी एकही बघितलेलं नाही."